तहान लागल्यावरची विहीर

पुतण्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. "काका, आईचा रिपोर्ट आला. स्तनाचा कर्करोग आहे." मग बराच वेळ तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. शेवटी त्याने विचारलं, "तुम्ही विम्यात होतात म्हणून विचारतो. आईची तीन लाखांची पॉलिसी आहे. तेवढ्यात भागणार नाही असं डॉक्टर म्हणतात. वरची एखादी जादा पॉलिसी आता घेता येईल का? कोणती घेऊ?"

श्रोतेहो, एका विमा कंपनीच्या कार्यालयात मी चौतीस वर्षं टेबलाच्या आतल्या बाजूला बसलो. हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला आहे. विचारणारा कधी मुलगा असे, कधी जावई, कधी धाकटा दीर. आणि प्रश्न नेहमी रिपोर्ट आल्यानंतरचाच असे. आपल्याकडे म्हण आहे, तहान लागल्यावर विहीर खणू नये. पण कर्करोगाच्या बाबतीत गंमत अशी, की तहान लागेपर्यंत बहुतेकांना आपण पाण्यापासून किती लांब आहोत हेच कळत नाही. म्हणून आज या जादा विम्याचा, वरच्या विम्याचा इतिहास सांगायचं ठरवलं आहे. पुतण्याला काय उत्तर दिलं तेही ओघात येईलच.

आपल्याकडे कर्करोगासाठी इस्पितळ आधी आलं आणि विमा फार नंतर. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही वारले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने परळला इस्पितळ बांधलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेलं. डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी १९५१ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापन केली. परळच्या फुटपाथवर गाठोडी घेऊन बसलेली बिहार-बंगालची, विदर्भ-मराठवाड्याची माणसं आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या इस्पितळाचा आधार काय आहे ते वेगळं सांगायला नको.

पण पैसे कुठून आणायचे? कारखान्यातल्या कामगारांसाठी १९४८ चा राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ पासून कानपूर-दिल्लीत ती योजना सुरू झाली. केंद्र सरकारी नोकरांसाठी १९५४ साली दिल्लीत आरोग्य योजना निघाली. म्हणजे कामगाराला एक छत्री आणि सरकारी बाबूला दुसरी. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, खाजगी कचेरीतला कारकून हे सगळे उघड्यावर. त्यांचा विमा म्हणजे बायकोच्या पाटल्या.

१९७३ च्या जानेवारीत १०७ विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन त्यांच्या चार कंपन्या झाल्या. आग, जहाज, मोटार यांचे विमे या कंपन्या उतरवत होत्या. माणसाच्या आजारपणाचा विमा सर्वसामान्यांना मिळावा म्हणून 'मेडिक्लेम' नावाची पॉलिसी निघायला १९८६ साल उजाडलं. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने आयकरात ८०-डी हे कलम आलं आणि हप्त्यावर करसवलत मिळू लागली. खरं सांगतो, सुरुवातीला मेडिक्लेम विकली गेली ती या कलमामुळे. मार्च महिन्यात रांग लागायची आणि एप्रिलमध्ये टेबलावर माशी बसायला कुणी नसायचं.

ती पहिली पॉलिसी आज कुणी वाचली तर हसेल. खोलीभाड्याला एक मर्यादा, शस्त्रक्रियेला दुसरी, औषधांना तिसरी, असे रकाने होते. एका रकान्यात उरलेले पैसे दुसऱ्या रकान्यात चालत नसत. १९९६ मध्ये ते रकाने गेले आणि सगळ्या खर्चाला मिळून एकच रक्कम झाली. मात्र एक गोष्ट शहाणपणाची होती. इस्पितळात चोवीस तास राहिलंच पाहिजे ही अट केमोथेरपी आणि रेडिओथेरपीला लागू नव्हती. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या रुग्णालाही पैसे मिळत. पैसे मिळत म्हणजे आधी स्वतः भरायचे, मग बिलं लावून दावा करायचा. बिनपैशाची सोय, ज्याला सगळे 'कॅशलेस' म्हणतात, ती २००१ चे नियम होऊन मध्यस्थ संस्था आल्यावरची. १९९६ सालीच गरिबांसाठी 'जन आरोग्य' पॉलिसी निघाली होती. तरुण माणसाला वर्षाला ७० रुपये हप्ता आणि पाच हजारांचं संरक्षण. पाच हजारांत कर्करोगाचं काय व्हायचं, हा प्रश्न त्या वेळी आम्हीही विचारला नाही.

या पॉलिसीत एक वाक्य होतं, आणि सगळा इतिहास त्या वाक्याभोवती फिरतो. पॉलिसी पहिल्यांदा घेण्याच्या आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळणार नाही. तत्त्व सोपं आहे. घराला आग लागल्यावर आगीचा विमा कुणी देत नाही. दिला तर आग लागल्यावरच सगळे घेतील, आणि हप्त्यांच्या हंड्यात काही उरणार नाही. हे तत्त्व चुकीचं आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण आगीचं एक बरं असतं, ती कधी लागली ते दिसतं. कर्करोगाची पहिली पेशी कधी बिघडली ते कोण सांगणार? आणि दुसरा खळगा 'पहिल्यांदा' या शब्दात होता.

१९९७ सालची एक फाईल मला अजून आठवते. आमच्याच भागातल्या एका प्राथमिक शिक्षिका. १९८८ पासून नऊ वर्षं त्यांनी मेडिक्लेम चालवली होती, एकदाही दावा केला नव्हता. त्या वर्षी घर बदललं, नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर गेली आणि हप्ता एकोणीस दिवस उशिरा भरला गेला. आमच्या कार्यालयाने पैसे घेतले आणि पॉलिसी दिली, पण नवी म्हणून दिली. खंड पडला की मागची नऊ वर्षं पुसली जात. पाच महिन्यांनी बाईंच्या छातीत गाठ निघाली. दावा आला तेव्हा कंपनीच्या डॉक्टरांनी मत दिलं, की एवढी गाठ पाच महिन्यांत होत नाही. म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा. दावा नामंजूर करावा अशी टिपणी मी लिहिली. नियमात ती चोख होती. साहेबांनी सही केली आणि पत्र गेलं.

बाईंचे यजमान सुतळीने बांधलेली फाईल घेऊन आले. भांडले नाहीत. "साहेब, नऊ वर्षं भरलं ते कुठं गेलं, एवढंच सांगा," म्हणाले. मी त्यांना नियम दाखवला. विमा लोकपाल तेव्हा नव्हते, त्यांचे नियम १९९८ च्या नोव्हेंबरात आले. ग्राहक न्यायालय होतं, पण तिथे जा असं मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते आमच्याविरुद्ध सांगितल्यासारखं झालं असतं. त्यांनी गावाकडची जागा विकल्याचं पुढे कानावर आलं.

आता थोडं बाहेरच्या देशांत जाऊ, कारण 'जादा विमा' ही कल्पना मुळात तिकडची. अमेरिकेत १९५० च्या आसपास पोलिओची भयंकर धास्ती होती आणि फक्त पोलिओचा असा विमा विकला जाई. १९५५ साली साल्कची लस आली आणि तो धंदा ओसरला. त्याच वर्षी जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस गावी अमॉस आडनावाच्या तिघा भावांनी एक विमा कंपनी काढली, आज ती 'अफलॅक' म्हणून ओळखली जाते. १९५८ साली त्यांनी फक्त कर्करोगाचा विमा आणला. इस्पितळाचं बिल भरणारा दुसरा विमा आहे असं धरून, त्याच्यावर हातात पैसे देणारा हा विमा होता. औषधांच्या पलीकडे घरभाडं असतं, प्रवास असतो, बुडालेला रोज असतो. त्यासाठी हे पैसे.

१९७४ मध्ये हीच कंपनी जपानमध्ये गेली आणि तिथे तिने अमेरिकेपेक्षाही मोठा धंदा केला. जपानमध्ये १९६१ पासून सर्वांना सरकारी आरोग्य विमा होता, पण रुग्णाचा वाटा खिशातूनच जाई. शिवाय बड्या जपानी कंपन्यांना कर्करोग विम्याचं क्षेत्र २००१ पर्यंत जवळजवळ बंदच होतं. मला यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहिली. त्या काळी जपानी डॉक्टर रुग्णाला कर्करोग झाल्याचं सांगत नसत, घरच्यांना सांगत. मग ज्याला आपला आजारच ठाऊक नाही त्याने दावा कसा करायचा? त्यासाठी घरच्यांनी त्याच्या वतीने दावा करण्याची सोय तिथल्या विम्यात ठेवावी लागली. हे ऐकून आपल्याला नवल वाटायला नको. "बाबांना सांगू नका, अल्सर आहे असं सांगितलंय," हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती घरांत बोललं गेलं असेल!

अमेरिकेत दुसरीकडे १९६५ साली पासष्ट वर्षांवरील लोकांसाठी 'मेडिकेअर' आलं. त्यात डॉक्टरांच्या बिलाचा साधारण पाचवा हिस्सा रुग्णाने द्यायचा होता. ती फट बुजवण्यासाठी खाजगी कंपन्यांनी पूरक विमे काढले, त्यांचं नावच 'मेडिगॅप' पडलं. विक्रेते म्हाताऱ्यांच्या दारात जात आणि एकावर एक, सारख्याच चार-चार पॉलिस्या गळ्यात मारत. कर्करोगाची भीती घालून विमा विकला जातो, असा ठपका तिथल्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने १९८० मध्ये ठेवला. शेवटी १९९० च्या कायद्याने पूरक विम्याचे ठरावीक दहा नमुने केले, ते १९९२ पासून लागू झाले. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते. पासष्टी गाठून मेडिकेअरच्या डॉक्टरी भागात नाव घातल्यापासून सहा महिने कोणतीही कंपनी कुणालाही पूरक विमा नाकारू शकत नाही, मग त्याला कर्करोग का असेना. हप्ताही आजारापायी वाढवता येत नाही. ते सहा महिने गेले की बहुतेक राज्यांत दार बंद. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात म्हातारपण काढणारे आपले मराठी लोक आहेत, त्यांच्या मुलांनी हे सहा महिने कुठे तरी लिहून ठेवावेत.

आणखी एका माणसाचं नाव घेतलं पाहिजे. १९६७ साली केपटाऊनला डॉ. ख्रिस्तियन बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण केलं हे आपण शाळेत शिकलो. त्यांच्या पथकात त्यांचे धाकटे बंधू मारियस होते. मारियस यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केलेली एक बाई दोन वर्षांनी त्यांच्याकडे परत आली. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरी दोन मुलं. आजार उलटला होता, तरी ती कामावर जातच होती, कारण काम सोडलं तर मुलं काय खाणार? आपण हिच्यावर उपचार केले, पण हिच्या संसाराचं काय, या प्रश्नाने डॉक्टर विमा कंपनीकडे गेले आणि १९८३ साली दक्षिण आफ्रिकेत 'दुर्धर आजार विमा' जन्माला आला. कर्करोग, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि बायपास हे चार आजार त्यात होते. निदान झालं की एकरकमी पैसे, बिलं मागायची नाहीत. आयुर्विमा महामंडळाची नव्वदच्या दशकातली 'आशादीप' ही याच घराण्यातली, आणि २०१७ मध्ये महामंडळाने आणलेली फक्त कर्करोगाची पॉलिसीही. हे सगळे विमे चांगलेच आहेत. पण धडधाकट असताना घेतले तर. शिवाय घेतल्यानंतरचे तीन किंवा सहा महिने कोरडे जातात, आणि अगदी प्राथमिक अवस्थेतल्या कर्करोगाला काही पॉलिस्यांत पूर्ण रक्कम मिळत नाही. हे घेताना कुणी वाचत नाही.

आपल्याकडेही तसा एक सुज्ञ प्रयत्न झाला होता. इंडियन कॅन्सर सोसायटी आणि कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन या मुंबईच्या संस्थांनी सरकारी विमा कंपनीशी बोलून आपल्या सभासदांसाठी फक्त कर्करोगाच्या खर्चाची स्वस्त पॉलिसी आणली. सभासद व्हायचं, आणि पुढे कर्करोग झालाच तर ठरलेल्या रकमेपर्यंत खर्च मिळायचा. किती जणांनी ती घेतली? आमच्या कार्यालयात मी स्वतः चौघांना सुचवली. तिघे म्हणाले, "अहो, अभद्र कशाला बोलता?"

परत आपल्या खंड पडलेल्या पॉलिसीकडे येतो. १९९९ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला, २००० साली खाजगी कंपन्यांना दार उघडलं. पण माझ्या मते खरा बदल २००१ साली झाला, तो सर्वोच्च न्यायालयात. बिमन कृष्ण बोस नावाच्या गृहस्थांनी दाव्यासाठी कंपनीला कोर्टात खेचलं होतं, म्हणून कंपनीने त्यांची मेडिक्लेम पुढे चालू ठेवायला नकार दिला. न्यायालयाने सांगितलं, की सरकारी कंपनीला असं मनमानी वागता येणार नाही. नूतनीकरण म्हणजे जुन्याच कराराची पुनरावृत्ती. मध्यंतरी जडलेला आजार हा 'आधीचा आजार' म्हणून वगळता येणार नाही. त्या निकालाची प्रत आमच्या कार्यालयात आली तेव्हा मी ती दोनदा वाचली, आणि मला त्या सुतळी बांधलेल्या फाईलची आठवण झाली.

मग हळूहळू एकेक खिळा निघाला. २००८ मध्ये ठरलं, की आधीचा आजार कायमचा वगळता येणार नाही, सलग चार वर्षं पॉलिसी चालवली की त्याचाही खर्च द्यावा लागेल. २००९ मध्ये आदेश निघाला, की दावे केले म्हणून नूतनीकरण नाकारता येणार नाही. २०११ च्या १ ऑक्टोबरपासून मोबाईलच्या नंबरसारखी पॉलिसीही एका कंपनीतून दुसरीकडे नेता येऊ लागली. २०१३ च्या नियमांनी नूतनीकरण आयुष्यभराचं केलं आणि हप्त्याला तीस दिवसांची मुदत दिली. त्या मधल्या दिवसांतला खर्च मिळेलच असं नाही, पण मागची वर्षं वाया जात नाहीत. एकोणीस दिवस! सोळा वर्षांचा फरक.

२०२० च्या ऑक्टोबरपासून तोंडाने घ्यायची केमोची औषधं, इम्युनोथेरपी यांसारखे नवे उपचार वगळता येत नाहीत, रकमेची मर्यादा मात्र घालता येते. २०२४ च्या नियमांनी आधीच्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. पाच वर्षं सलग हप्ते भरले की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं' असं म्हणून दावा नाकारता येत नाही. सगळ्या वयांसाठी आणि आजारी माणसांसाठीही काही ना काही पॉलिसी कंपन्यांकडे असावी असंही नियामकाने सांगितलं. वर्तमानपत्रांनी तेव्हा मथळे दिले, 'आता कर्करोग रुग्णालाही विमा'. मथळा वाचून मलाही बरं वाटलं. पण एखाद्या विशिष्ट माणसाचा अर्ज स्वीकारायचा की नाही हे कंपनीच्या हातात राहिलं आहे, हे मथळ्यात मावलं नाही.

आता पुतण्याचा प्रश्न. 'वरची' पॉलिसी, म्हणजे टॉप-अप. यात दोन जाती आहेत आणि कर्करोगात त्यांच्यातला फरक जीवघेणा आहे. समजा तीन लाखांच्या वरचा खर्च देणारी पॉलिसी घेतली. साधा टॉप-अप प्रत्येक वेळच्या बिलाकडे वेगळं बघतो. केमोची सहा आवर्तनं झाली, प्रत्येकी ऐंशी हजारांची. एकूण चार लाख ऐंशी हजार. पण एकही बिल तीन लाखांच्या वर गेलं नाही, म्हणून साधा टॉप-अप दमडी देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो आणि वरचे एक लाख ऐंशी हजार देतो. कर्करोगाचं बिल हे असं हप्त्याहप्त्यानेच येतं. म्हणून निरोगी माणसाने घ्यायचा असेल तर सुपर टॉप-अपच घ्यावा, आणि हप्त्यात फरक फार नसतो.

पण वहिनी निरोगी नव्हत्या. दादा गेल्यापासून पुतण्याच सगळं बघतो. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्याच्यासमोर सुपर टॉप-अपचा भरलेला अर्ज होता. 'कर्करोग आहे का' या प्रश्नासमोर 'नाही' अशी खूण. कुणा एजंटाने सांगितलं होतं, आत्ता लिहू नका, तीन वर्षांनी कोण बघतंय. मी तो अर्ज फाडला. बायोप्सीचा कागद इस्पितळाच्या संगणकात तारखेसह आहे, पहिल्याच दाव्याला तो बाहेर येणार. आजार दडवला तर विमा उभा राहत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सतवंत कौर संधू यांच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. आणि फसवणूक असेल तिथे पाच वर्षांची ती ढालही उपयोगी पडत नाही. उलट सगळं खरं सांगूनही पॉलिसी दिली, तर नंतर कंपनीला मागे फिरता येत नाही, हेही न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

मी म्हटलं, खरा अर्ज भरू. नाकारला तर लेखी नाकारू दे. आता अडचण निराळीच आली. अर्जावर सही वहिनींची हवी, आणि वहिनींना कुणी काही सांगितलं नव्हतं. गाठ काढायची आहे, एवढंच. पुतण्या म्हणाला, "काका, कागद दुमडून नुसती सहीची जागा पुढे करतो." चौतीस वर्षं मी अशा दुमडलेल्या कागदांवरच्या सह्या पाहिल्या आहेत. मी नको म्हटलं.

वहिनींनी चष्मा लावला आणि अर्ज पहिल्यापासून वाचला. वेळ लागला. त्या ओळीपाशी बोट थांबलं. मग त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. टाटाचा केसपेपर काही गाठीसाठी कुणी काढत नाही." आणि सही केली.

नकार नऊ दिवसांत आला. अपेक्षेप्रमाणेच. अलीकडे एक-दोन कंपन्यांनी कर्करोग होऊन गेलेल्यांसाठी वेगळ्या पॉलिस्या काढल्या आहेत, पण त्यांत इतर आजारांचा खर्च लवकर मिळतो आणि कर्करोगासाठी थांबावं लागतं. वहिनींना तेवढा वेळ नव्हता. तिची तीन लाखांची पॉलिसी २००९ पासूनची. ती चालू ठेवणं पहिलं. तीच पॉलिसी पाच लाखांची करून घेता येईल का, असं पुतण्याने विचारलं. कंपनीने मान्य केलं तरी वाढीव दोन लाखांना थांबायची मुदत पहिल्यापासून लागते. दुसऱ्या कंपनीत नेण्याचा विचार तर मी त्याला बोलूच दिला नाही. जुनी सोडून नव्याकडे गेल्यावर नव्याने नकार दिला तर काय?

जादा विमा मिळाला तो दोन ठिकाणी, आणि दोन्ही बाजारातले नव्हेत. वहिनी एकाहत्तर वर्षांच्या. आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळू लागलं. खाजगी पॉलिसी असली तरी चालतं. आधारवरून कार्ड निघतं आणि आधी असलेला आजार पहिल्या दिवसापासून धरला जातो. मात्र योजनेच्या यादीतल्या इस्पितळातच, आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. आपल्या राज्याची १९९७ ची जीवनदायी, मग २०१२ ची राजीव गांधी योजना आणि २०१७ पासूनची महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना हीसुद्धा याच वाटेवर आहे. सत्तरीच्या आतल्यांनी तिकडे चौकशी करावी, २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादाही पाच लाखांची झाली आहे. पुष्कळ मध्यमवर्गीय लोक 'ते आपल्यासाठी नाही' म्हणून या खिडकीकडे जातच नाहीत. वहिनींचंही पहिलं वाक्य तेच होतं.

दुसरं ठिकाण पुतण्याचं ऑफिस. मोठ्या कंपन्यांच्या सामूहिक पॉलिसीत बऱ्याचदा आई-वडलांचं नाव घालता येतं आणि जुना आजार लगेच धरला जातो. अट एवढीच, की नाव वर्षातून ठरावीक दिवसांतच घालता येतं. पुतण्याने सहा वर्षं ती ईमेल वाचलीच नव्हती. या वेळी वाचली. बिलाचा पाचवा हिस्सा आपण भरायचा, बाकी विमा. नोकरी सुटली तर तेही सुटणार, हे मी त्याला सांगून ठेवलं आहे.

गेल्या सप्टेंबरपासून, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा वस्तू व सेवा कर गेला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर नियामकाला विचारावं लागतं, तो आदेश त्याच वर्षीच्या जानेवारीतला. त्यामुळे वहिनींच्या जुन्या पॉलिसीचा हप्ता आवाक्यात आहे. शस्त्रक्रिया झाली, केमोची चार आवर्तनं झाली, दोन राहिली आहेत.

परवा गेलो होतो. वहिनींनी डोक्याला रुमाल बांधला होता आणि मुगाची खिचडी टाकत होत्या. मला विचारलं, "भाऊजी, तो हप्ता कधीचा? अठरा की अठ्ठावीस?" अठरा, म्हटलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी त्यांनी ते लिहिलं, आणि त्याच्या आठ दिवस आधीच्या चौकोनातही लिहिलं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)